दोरे मोजायला हवे होते

पेटच्या मुलाखतीची तयारी करणारा एक मुलगा परवा वाशीला भेटला. चहा घेता घेता त्यानं विचारलं, "ताई, राग मानू नका, पण तुमचा विषय म्हणजे ज्या गोष्टी घडल्याच नाहीत त्यांच्यावर पीएचडी, असंच ना?" मी हसले. खरं तर हा प्रश्न मला माझ्याच मुलाखतीत एका परीक्षकांनी विचारला होता आणि तेव्हा मी जे उत्तर दिलं ते आज आठवलं तरी लाज वाटते. मी म्हणाले होते, "सर, या गोष्टी प्रतीकात्मक आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रवेश मिळाला.

ते उत्तर मला आता चुकीचं का वाटतं, ते सांगण्यासाठी ही पोस्ट. लांबणार आहे.

माझं काम बेने इस्रायल समाजाच्या मराठी कथांवर आहे, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, तेच हे लोक. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून समाज वाढला, ही त्यांची मूळकथा. तालमुद कोकणात पोचला तो फार उशिरा. तरीही या कथा वाचायच्या तर तालमुदात अद्भुत गोष्टी कशा सांगितल्या जातात ते बघणं भाग होतं. म्हणून मी वाचायला बसले. (अरामी भाषा मला जेमतेम कळते. सेफारियाच्या संकेतस्थळावर मूळ आणि भाषांतर शेजारी शेजारी फुकट मिळतं. तुम्हीही बघा, निदान पानाची मांडणी कशी असते ते कळेल.)

ज्यांनी तालमुद पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना ही कायद्याची संहिता. तिच्यावर बाबिलोनियातल्या पंडितांनी पुढची तीनएकशे वर्षं जी चर्चा केली, ती म्हणजे बाबिली तालमुद. छापील पानं २७०० च्या वर. त्यात कर्ज, लग्न, शेजाऱ्याची भिंत, हरवलेली वस्तू यांच्या चर्चा चालू असताना मध्येच भुतं येतात, मेलेले बोलतात, झाडं चालतात. पान उलटलं की पुन्हा कर्ज.

यातला सगळ्यात बदनाम भाग 'बावा बात्रा' या ग्रंथात, ७३ आणि ७४ या पानांवर आहे. राब्बा बार बार हाना नावाचा एक पंडित आपण काय काय पाहिलं ते सांगतो. एकदा म्हणे समुद्रात त्यांना बेट दिसलं, वर वाळू, गवत उगवलेलं. ते उतरले, चूल पेटवली, रांधलं. पाठ तापल्यावर बेट उलटलं, कारण तो मासा होता. जहाज जवळ नसतं तर सगळे बुडाले असते. सिंदबादची गोष्ट ज्यांनी लहानपणी वाचली त्यांना हे ओळखीचं वाटेल.

आता ही गोष्ट कुठल्या प्रकरणात आहे? जहाज विकणाऱ्याच्या. मिश्ना म्हणते, जहाज विकलं की डोलकाठी, शीड, नांगर हे त्यासोबत गेलं, पण त्यावरचे गुलाम, गोण्या आणि माल गेला नाही. यावर कायद्याची चर्चा होते, मग खलाशांचे शब्द येतात, आणि मग लाटा बोलू लागतात. करंज्याच्या किंवा मोऱ्याच्या बंदरात होडीचा सौदा चालू आहे, कुणीतरी म्हणतं इंजिन धरून की सोडून, आणि कोपऱ्यात बसलेला म्हातारा तांडेल म्हणतो, "इंजिनाचं सोडा, मी एकदा काय बघितलं माहीत आहे का?" मला हे पान असं ऐकू येतं. हा माझा अंदाज आहे, प्रबंधात असं लिहिता येणार नाही. पण बाजारातल्या प्रश्नाच्या शेजारी ही गोष्ट ठेवलेली आहे, हा अंदाज नाही. ते पानावर दिसतं. आणि जवळपास प्रत्येक संकलन, 'तालमुदातल्या अद्भुत कथा' वगैरे नावाचं, डोलकाठी आणि गोण्या कापून फक्त मासा छापतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली, ती. एका अरब वाटाड्यानं राब्बाला म्हटलं, चल, वाळवंटातले मेलेले दाखवतो. म्हणजे इजिप्तमधून निघालेली ती पिढी, जी चाळीस वर्षं भटकून तिथंच मेली. ते उताणे पडलेले होते, जणू दारूच्या नशेत असावेत. एकाचा गुडघा वर होता. वाटाड्या उंटावर बसून, भाला उभा धरून त्या गुडघ्याखालून गेला आणि भाला लागला नाही, एवढा उंच गुडघा. राब्बानं काय केलं? एका मृताच्या वस्त्राच्या कोपऱ्याला असलेला निळा गोंडा कापून घेतला. (वस्त्राच्या चार कोपऱ्यांना दोऱ्यांचे गोंडे लावावेत अशी आज्ञा आहे, त्यांना त्सित्सित म्हणतात.) झालं, त्यांना जागचं हलता येईना. वाटाड्या म्हणाला, तू त्यांचं काही घेतलंस का? यांचं काही घेणाऱ्याला हलता येत नाही, असं आमच्याकडे सांगतात. राब्बानं गोंडा परत नेऊन ठेवला. मग हलता आलं.

इथं आपण थांबतो आणि प्रतीक शोधू लागतो. तालमुद थांबत नाही. राब्बा परत येऊन ही हकीकत पंडितांना सांगतो. ते काय म्हणतात? "खोटं बोलतोस" म्हणत नाहीत. "वा, काय साक्षात्कार" असंही म्हणत नाहीत. ते त्याला गाढव आणि मूर्ख ठरवतात आणि विचारतात, गोंडा कशासाठी कापलास? तो सांगतो, गोंड्याबद्दल शम्माय आणि हिल्लेल या दोन घराण्यांत वाद आहे, त्यात कुणाचं बरोबर ते बघायला. मग पंडित म्हणतात, त्यासाठी कापायची काय गरज होती? तिथंच दोरे मोजायचेस, गाठींचे वेढे मोजायचेस आणि येऊन सांगायचंस.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नेरुळच्या लायब्ररीत मोठ्यानं हसले. आकाशाएवढ्या गुडघ्याबद्दल कुणालाच काही विचारायचं नाही. विचारायचं ते एवढंच, की दोरे किती होते? मृतांच्या पिढीपर्यंत जाऊन आलेला माणूस त्यांच्या दृष्टीनं एक वाईट संशोधक आहे. ज्या प्रश्नासाठी गेला त्याचं उत्तर डोळ्यांसमोर होतं, आणि यानं नमुना उचलायचा प्रयत्न केला.

पुढच्या काळात या गोष्टींचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. सेव्हिलच्या रित्वा या तेराव्या-चौदाव्या शतकातल्या भाष्यकारानं म्हटलं, यातलं काही स्वप्नात पाहिलेलं असू शकेल. अठराव्या शतकात विल्नाच्या गाओननी याच गोष्टींमधून गूढ अर्थ काढले. ब्रेस्लोवच्या राब्बी नाखमान यांच्या प्रमुख ग्रंथाची सुरुवातीची प्रवचनं याच गोष्टींवर उभी आहेत. अलीकडे रूव्हेन किपरवासर आणि डॅन शापिरा यांनी यातल्या प्राण्यांची इराणी पुराणकथांतल्या प्राण्यांशी तुलना केली आहे. बाबिलोनिया सासानी साम्राज्यात होता, हे लक्षात घेतलं तर ते पटतं. या सगळ्यांत मला सगळ्यात उपयोगी पडले ते मैमोनिदिस (११३८–१२०४). मिश्नेवरच्या भाष्यात ते अशा वचनांच्या वाचकांचे तीन गट करतात. एक, जे अक्षरशः खरं मानतात आणि त्यातच पंडितांचा मान आहे असं समजतात. दोन, जे अक्षरशः घेतात आणि मग हसतात, स्वतःला पंडितांहून शहाणे समजतात. तीन, ज्यांना कळतं की आत काही वेगळं आहे. तिसरा गट इतका लहान, की त्याला गट म्हणणंच कठीण, असा त्यांचा टोमणा आहे.

यातलं पहिल्या दोन गटांबद्दलचं निरीक्षण फार नेमकं आहे. श्रद्धाळू आणि टवाळ हे एकाच प्रकारे वाचतात, फक्त शेवटी एक हात जोडतो आणि दुसरा दात काढतो. पण तिसऱ्या गटाशी माझं भांडण आहे. मुलाखतीत "प्रतीकात्मक" म्हणणारी मी त्याच गटात बसायला गेले होते. आत अर्थ आहे म्हटलं की बाहेरचं सगळं टरफल ठरतं. गोंडा म्हणजे अमुक, गुडघा म्हणजे तमुक. मग दोरे मोजायला सांगणारे पंडित कुठं बसवायचे? त्यांचं काहीच प्रतीक होत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ, म्हणजे हे परक्या गावचं वाटणार नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून वर आल्या. शाळेपासून आपण याचं एक 'सुधारित' स्पष्टीकरण ऐकतो: गाथा पाण्यावर नाही, लोकांच्या ओठांवर तरली. सुंदर वाक्य आहे, आणि तुकोबांवर प्रेम असलेल्या माणसांनीच ते तयार केलं आहे. पण कथेत वह्या बुडवाव्या लागल्या त्या कुणीतरी हरकत घेतली म्हणून. परंपरा वाघोलीच्या रामेश्वर भटांचं नाव घेते. मग तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्याविना शिळेवर पडून राहिले. "ओठांवर तरली" म्हटलं की हे तेरा दिवस गळतात. हरकत गळते, निवाडा गळतो, उपोषण गळतं. चमत्कार हा त्या कथेतला एका निवाड्याला दिलेला जवाब आहे. जवाब सभ्य केला की निवाडाही सभ्य होऊन जातो.

आता एक असा उतारा, जो तुम्हाला संशोधनपद्धतीच्या तासाला कुणीतरी ऐकवेलच. बावा मेत्सिया, पान ५९. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून राब्बी एलिएझर एकीकडे आणि बाकी सगळे पंडित दुसरीकडे. एलिएझर म्हणतात, माझं बरोबर असेल तर हे झाड सिद्ध करील. झाड उपटून शंभर हात लांब जातं. पंडित म्हणतात, झाडावरून पुरावा घेत नाहीत. पाणी उलटं वाहतं, पाठशाळेच्या भिंती झुकतात, शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरच बरोबर. राब्बी येहोशुआ उभे राहून सांगतात की धर्मशास्त्र आता आकाशात नाही. बहुमतानं निर्णय झाला. मग राब्बी नातान यांना एलियाहू संदेष्टा भेटतो. ते विचारतात, त्या वेळी देव काय करत होता? एलियाहू सांगतो, हसत होता; मुलांनी आपल्याला हरवलं म्हणत होता.

बहुतेक ठिकाणी उतारा इथं संपतो आणि टाळ्या पडतात. मग हमखास तुलना येते: बघा, तिकडे चमत्कार नाकारला, आणि आपल्याकडे पैठणच्या सभेत रेड्यानं वेद म्हटले तर ब्रह्मवृंदानं मान तुकवली. मीही माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात हेच लिहिलं होतं. गाइड मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले: "पुढचं वाचलंत?"

पुढचं मी वाचलं नव्हतं. पुढं असं आहे. त्याच दिवशी एलिएझरांनी शुद्ध ठरवलेल्या सगळ्या वस्तू आणून जाळल्या आणि त्यांना बहिष्कृत केलं. ही बातमी सांगायला राब्बी अकिवा काळे कपडे घालून गेले आणि चार हात लांब बसले. एलिएझर रडले. जगातल्या ऑलिव्ह, गहू आणि जवाचा तिसरा हिस्सा गेला. सभाप्रमुख रब्बान गम्लिएल जहाजात होते, त्यांच्यावर लाट उसळून आली. एलिएझरांची बायको इमा शालोम ही गम्लिएलांची बहीण. त्या दिवसापासून ती नवऱ्याला जमिनीवर डोकं टेकून गाऱ्हाणं घालू देत नसे. एके दिवशी तिची नजर चुकली. आत येऊन बघते तर तो पालथा पडलेला. ती म्हणाली, ऊठ, माझ्या भावाला मारलंस. तेवढ्यात गम्लिएलांच्या घरून मृत्यूची वर्दी आली. तुला कसं कळलं, असं त्यानं विचारल्यावर ती घरची शिकवण सांगते: सगळे दरवाजे बंद होतात, शब्दांनी दुखावलेल्याचा होत नाही.

आणि हे प्रकरण कशाचं आहे? भट्टीचं नाही. शब्दांनी माणसाला दुखवण्याचं. चर्चा त्यावर चालू असताना ही हकीकत सांगितली आहे. म्हणजे पंडितांचा निर्णय नियमानं योग्य होता आणि तरीही त्यांनी एका माणसाशी जे केलं त्याची किंमत मोजावी लागली, दोन्ही एकाच पानावर. चमत्कार पुरावा म्हणून फेटाळले गेले, आणि गाऱ्हाणं म्हणून मात्र लागू झाले.

आता पैठण पुन्हा वाचून बघा. महिपतींचा भक्तविजय १७६२ चा, म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर सुमारे पावणेपाचशे वर्षांनी लिहिलेला. त्यामुळे पैठणला काय घडलं हे त्यातून कळणार नाही, पण लोकांना काय सांगावंसं वाटत होतं ते कळेल. चार मुलं शुद्धिपत्र मागायला सभेपुढं उभी आहेत. संन्याशाची पोरं म्हणून बाहेर टाकलेली. सभा पोथ्या चाळते आणि संन्याशाच्या मुलांना प्रायश्चित्तच सापडत नाही. तिथं, पुस्तक संपतं तिथं, रेडा येतो. तोही नावाच्या टवाळीवरून येतो: तुझं नाव ज्ञानदेव, तर पखालीच्या रेड्याचं नावही ज्ञाना. एकीकडे सभा एका माणसाला बाहेर काढते, दुसरीकडे बाहेरच्यांना आत घेते की नाही हा प्रश्न आहे. दोन्हीकडे विषय चमत्कार नाहीच, विषय सभा आहे. बुद्धिवादी आणि चमत्कारवादी या जोडीत हे मावत नाही. माझं ते पहिलं प्रकरण मी पूर्ण काढून टाकलं. चार महिने गेले.

रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे. आणि एलियाहूची खूण आपल्या रायगड जिल्ह्यात. अलिबाग तालुक्यात, खंडाळ्याला (घाटातलं खंडाळा नव्हे), एका खडकावर खुणा आहेत. बेने इस्रायल त्याला 'एलियाहू हनाबीचा टापा' म्हणतात. रथाचा घोडा तिथं टेकला आणि तिथून तो आकाशात गेला, असं सांगतात. नवस फेडायला लोक येतात, परदेशी स्थायिक झालेलेही येतात. बेलापूरहून पनवेल, पेण, वडखळ करत मी तिथं तीनदा गेले.

एकदा एका घरी मलिद्याला बसायला मिळालं. मलिदा म्हणजे एलियाहूच्या नावानं करायचा विधी, पोह्यांचं ताट मध्ये ठेवून. नंतर त्या घरच्या आजींनी टाप्याबद्दल त्यांच्या आईच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगितली. सुमारे वीस मिनिटं. ती काय होती ते इथं लिहीत नाही, कारण पुढं कळेलच. माझ्या पिशवीत मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू होतं. मी विचारलं नव्हतं. विचारलं तर माणसं जपून बोलतात, असं मी स्वतःला समजावलं होतं. निघताना चपला घालताना आजी म्हणाल्या, "पोरी, हे तू खोटं म्हणून लिहिणार की खरं म्हणून?" मी म्हणाले, "आजी, दोन्ही नाही. तुम्ही ते कसं आणि कधी सांगता, ते लिहिणार." त्या म्हणाल्या, "मग विचारायचंस की. मी आईचं नाव घेतलं नसतं." मला पाय उचलवेना. मोबाइल काढून सांगितलं, रेकॉर्ड केलंय. त्या रागावल्या नाहीत. "पुसून टाक," एवढंच म्हणाल्या, आणि मी पुसत असताना शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

संमतिपत्राचा नमुना तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. तो आधी मराठीत करून घ्या, इंग्रजी कागदावर सही मागू नका.

तिसऱ्या प्रकरणात त्या जागी आता सात पानांची पोकळी आहे. मॅडम म्हणतात आठवणीतून लिही, नाव बदल. मी अजून लिहिलेलं नाही. त्या दिवशीच्या टिपणवहीत ताटातल्या वस्तूंची यादी तेवढी आहे: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, खजूर, केळी, सफरचंद. कोण कुठं बसलं होतं, ताट कुणी उचललं, फळं किती प्रकारची असावी लागतात आणि तो आकडा कोण ठरवतं, हे सगळं माझ्यासमोर होतं, आणि मी पिशवीतल्या मोबाइलच्या भरवशावर त्यातलं काहीच लिहून घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे. आजींना फोन केला होता. ये म्हणाल्या, शनिवार सोडून.